सोफ्याच्या पोटात काय आहे, हे विचारायला लाजू नका

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरी या वर्षी नवा सोफा यायचाय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. आणि ज्यांच्याकडे यायचा नाहीये त्यांनी, ज्यांच्याकडे यायचाय त्यांना पाठवा.

कल्याण-शीळ रस्त्याने जा नाहीतर घोडबंदर रोडने जा, दर चार टॉवरमागे एक फर्निचरचं दुकान आहे. नवीन पझेशन मिळालेली माणसं गृहकर्जाचा हप्ता, रजिस्ट्रेशन, सोसायटीचं डिपॉझिट असं सगळं भरून दमलेली असतात. उरलेल्या पैशात हॉल लावायचा असतो. हॉल म्हणजे टीव्ही आणि सोफा. फ्लॅट आणि गाडी सोडली तर मध्यमवर्गीय घरातल्या मोठ्या खरेद्यांमध्ये सोफ्याचा नंबर वरचा लागतो. आणि माझं स्पष्ट मत आहे की सगळ्यात कमी माहितीवर आपण जी खरेदी करतो तीही हीच.

बघा ना. पाच रुपयांचा बिस्किटचा पुडा घेतला तरी त्यावर वजन, घटक, तारीख, कंपनीचा पत्ता, तक्रारीचा नंबर हे सगळं छापावं लागतं. फ्रिजवर वीज किती खाणार याचे तारे चिकटवलेले असतात. पन्नास हजारांच्या सोफ्यावर मात्र काय लिहिलेलं असतं? 'फेस्टिव्हल ऑफर'. आत कुठलं लाकूड आहे, फोम कुठला आहे, कापड काय आहे, बनवला कोणी, कधी, कुठे? काहीच नाही. विचारलं तर उत्तर एकच, "साहब, आंख बंद करके ले जाओ." आणि आपण खरंच डोळे मिटून घेऊन येतो.

माझे मामा अंबरनाथला सुतारकाम करायचे. शाळेच्या सुट्टीत त्यांच्या हाताखाली पॉलिश पेपर घासायचं काम मी केलंय, त्यामुळे लाकडाचं थोडंफार कळतं. म्हणून सोसायटीतलं किंवा नात्यातलं कोणी सोफा घ्यायला निघालं की मला बरोबर नेतात. गेल्या दोन-तीन वर्षांत ठाणे, डोंबिवली, उल्हासनगर मिळून पुष्कळ दुकानं आणि काही कारखाने पाहिले. त्यातून जे समजलं ते इथे मांडतोय.

आधी थोडं उल्हासनगरबद्दल, कारण आपल्या भागातल्या सोफ्याची गोष्ट तिथल्या फर्निचर बाजाराशिवाय पूर्ण होत नाही. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या माणसांना त्याच बराकींमध्ये ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या गावाची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून नाव पडलं. आजही तिथला पत्ता कॅम्प एक ते पाच असाच सांगतात. सगळं सोडून आलेल्या लोकांनी कापड, जीन्स, फर्निचर असे धंदे शून्यातून उभे केले. 'मेड इन यूएसए'चा विनोद आपण सगळ्यांनी केलाय. पण डोंबिवली, कल्याण, बदलापूरच्या हजारो घरांतले पहिले दिवाण, पहिले सोफा-कम-बेड याच बाजारातून आले, हेही तितकंच खरं. त्यामुळे 'उल्हासनगर म्हणजे डुप्लिकेट आणि एसी शोरूम म्हणजे ओरिजिनल' हे डोक्यातून काढून टाका. मी एका कारखान्यात उभा असताना एकच सांगाडा दोन वेगवेगळ्या दुकानांसाठी तयार होताना पाहिला. एकाला साधं जूटसारखं कापड लागणार होतं, दुसऱ्याला मखमल. किमतीतला फरक जवळजवळ दुपटीचा. आतला माल तोच.

उलटही पाहिलंय. बाहेरून हुबेहूब सारखे दिसणारे दोन सोफे, एकात सालाचं लाकूड आणि प्लाय, दुसऱ्यात खोक्यांच्या फळ्या. म्हणजे दुकान बघून दर्जा कळत नाही आणि किंमत बघूनही कळत नाही. कळतो तो फक्त आत बघून. सोफ्याचे चार भाग असतात: सांगाडा, त्यावरची स्प्रिंग किंवा पट्टे, फोम, आणि कापड. दुकानात आपल्याला दाखवतात चौथा भाग, आणि आपण पैसे देतो चारही भागांचे.

सांगाडा. सोफ्याच्या खालच्या बाजूला एक काळं पातळ कापड ठोकलेलं असतं. दुकानदाराला सांगा की एका कोपऱ्यातून ते सोडवून दाखवा, दोन पिनांचं काम आहे. मोबाईलची बॅटरी मारा आणि आत बघा. लाकडाच्या कडेला झाडाची साल राहिली असेल, लाकूड ओलसर वाटत असेल, किंवा बारीक भोकं आणि पिठासारखा भुगा दिसत असेल तर सरळ नमस्कार करून बाहेर पडा. भुंगा आणि वाळवी विकत घेऊ नका. चारही कोपऱ्यांत तिरका लाकडी ठोकळा, गोंद आणि स्क्रूने बसवलेला असला पाहिजे. नुसत्या स्टेपल पिनांवर सांगाडा उभा असेल तर तो वर्षभरात कुरकुरायला लागतो. प्लाय असेल तर त्यावरचा शिक्का बघा. आयएस ३०३ हा साधारण वापराच्या प्लायचा मानक आणि आयएस ७१० हा मरीन प्लायचा. 'वॉटरप्रूफ प्लाय आहे' हे तोंडी कोणीही सांगतं.

आत बघू देत नसतील तर एक साधी परीक्षा आहे. तीन सीटच्या सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर वर उचला. तेवढ्यात दुसरा पुढचा पायही जमिनीवरून सुटला पाहिजे. तो जागेवरच राहिला तर सांगाडा पिळला जातोय. मजबूत सांगाडा पिळला जात नाही.

स्प्रिंग आणि पट्टे. सीटच्या खाली नागमोडी लोखंडी स्प्रिंग असते किंवा इलॅस्टिकचे रुंद पट्टे असतात. दोन्ही चांगले असू शकतात. पट्टे एकमेकांत चटईसारखे विणलेले आहेत का आणि जवळजवळ आहेत का, ते बघा. स्प्रिंग असेल तर सीटवर हात दाबून आवाज ऐका. काही स्वस्त सोफ्यांत मात्र काहीच नसतं, फोमखाली थेट फळी असते. बसल्यावर पहिल्यांदा ते 'टणक, पाठीला चांगलं' वाटतं, आणि वर्षभरात फोम चपटा झाला की आपण फळीवर बसतोय हे कळतं.

फोम. सगळ्यात जास्त बनवाबनवी इथे. दुकानदार सांगतो, "चाळीस डेन्सिटी है." आपण मान डोलावतो. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमध्ये वजन, बस्स. म्हणजे ती मोजता येते! सामान तोलायचा हुकवाला छोटा काटा घरी असतोच, प्रवासाच्या बॅगेसाठी घेतलेला. तो बरोबर न्या. समजा सीटची गादी ६० सेंमी लांब, ६० रुंद आणि साडेबारा सेंमी जाड आहे. तिचं घनफळ झालं ०.०४५ घनमीटर. फोम खरंच ४० चा असेल तर गादीचं वजन १.८ किलो भरायला हवं. ३२ चा असेल तर १ किलो ४४० ग्रॅम. आणि काट्यावर जेमतेम ८०० ग्रॅम दिसले तर तो १८ चा आहे, पॅकिंगला वापरतात त्या जातीचा. खोळीचं वजन त्यातून वजा करायला विसरू नका.

यात एक मेख आहे तीही सांगतो. वजन कमी भरलं तर दुकानदार खोटं बोलतोय हे नक्की. पण वजन बरोबर भरलं म्हणून तो खरं बोलतोय असं मात्र नाही. फोम जड करायला त्यात भुकटी मिसळतात, किंवा तुकडे चिकटवून केलेला रिबॉन्डेड फोम मधे घालतात, तो जडच असतो. म्हणून गादीला चेन असेल तर उघडून बघा. एकसारखा, एका रंगाचा तुकडा आहे की रंगीबेरंगी चुरा, ते डोळ्यांना दिसतं. हाताने दाबून सोडा, लगेच वर आला पाहिजे. आणि डेन्सिटी म्हणजे टणकपणा नव्हे. मऊ फोमही चांगल्या डेन्सिटीचा असू शकतो. टिकाऊपणा एक, मऊपणा वेगळा.

आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाची गोष्ट यावर सांगण्यासारखी आहे. नवरा लोकलने रोज मुंबईला जाणारा, बायको घरी शिकवण्या घेणारी. त्यांनी एका मोठ्या शोरूममधून एल-शेप सोफा घेतला, ६२ हजारांना. 'पाच वर्षं वॉरंटी' अशी पाटी होती. चौदा महिन्यांत मधली सीट खड्ड्यासारखी झाली. शोरूमचं म्हणणं, वॉरंटी फ्रेमची आहे, फोमची नाही. आम्ही गादी उघडली. वर एक इंच चांगला पांढरा फोम, खाली एक इंच, आणि मधे सगळा चुरा. वहिनी काही बोलल्या नाहीत, गादी तशीच उघडी ठेवून आत गेल्या. सहा महिन्यांच्या शिकवण्यांचे पैसे होते ते. अशा वेळी 'जाऊ दे, शिकलो' म्हणून सोडून देणारी माणसं आपल्याकडे जास्त आहेत आणि असे दुकानदार चालतात ते त्या 'जाऊ दे'वर.

त्यांनी सोडलं नाही. पुढे काय झालं ते खाली सांगतो, आधी चौथा भाग.

कापड. आपल्याकडची हवा दमट. खाडी, पाऊस, चार महिने कपडे वाळत नाहीत. अशा हवेत स्वस्त लेदरेट किंवा रेक्झिन घेणं म्हणजे काही वर्षांत पापुद्रे गोळा करणं. त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू विघटित होतो आणि सोलून निघतो. दुकानात तो चकचकीत दिसतो कारण दुकानात एसी आहे. विणलेलं, घट्ट, पाठीमागे अस्तर असलेलं कापड घ्या. ओला पांढरा रुमाल घासून रंग सुटतो का बघा. शिवणीच्या दोन बाजूंना हाताने ताण द्या, टाके उघडे पडतात का बघा. कॅटलॉगच्या मागे बहुतेक वेळा मार्टिंडेल रब्स असा आकडा असतो, म्हणजे यंत्रावर किती वेळा घासल्यावर कापड झिजलं. घरच्या रोजच्या वापराला वीस-पंचवीस हजारांच्या आसपास असला तर बरं. आणि खोळ काढून धुता येते का, हे घरात लहान मूल असेल तर सगळ्यात आधी विचारा.

हे झालं दर्जाचं. पण दर्जा आणि मोल एकच नव्हे. तुमच्यासाठी सोफ्याचं मोल काय, हे तुमच्या घरावर ठरतं.

जे अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहतात त्यांनी एल-शेप घेऊ नये असं माझं मत आहे. दर एक-दोन वर्षांनी घर बदलणार, प्रत्येक घराचा कोपरा वेगळा. डोंबिवली पूर्वेच्या जुन्या बिल्डिंगी बिनलिफ्टच्या, जिना असा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला थांबावं लागतं. तिथे तिसऱ्या मजल्यावर सोफा चढवणाऱ्या माणसांच्या खांद्याचा विचार करा. दरवाजा, जिन्याचं वळण, लिफ्ट हे सगळं टेपने मोजून मगच दुकानात जा. हमाली कोण देणार, मजल्यामागे किती, हे आधीच ठरवून लिहून घ्या. आणि खाली सामान आल्यावर त्या माणसांशी घासाघीस करू नका. हमालांसाठी स्वतंत्र माथाडी कायदा १९६९ साली करणारं हे राज्य आहे, निदान पाणी तरी विचारा.

हिशोब करायचा तर वर्षावर करा. २४ हजारांचा सोफा चार वर्षं टिकला तर वर्षाला सहा हजार पडला. ४८ हजारांचा बारा वर्षं टिकला तर वर्षाला चार हजार. महाग तोच स्वस्त पडला. पण दोन वर्षांनी तुम्ही बंगळूरला बदली होऊन जाणार असाल तर हाच हिशोब उलटा होतो. त्यामुळे 'चांगलीच वस्तू घ्यावी' हे ब्रह्मवाक्य नाही.

आणि म्हातारी माणसं. याबद्दल मला जरा तळमळीने लिहायचंय. हल्लीचे सोफे खाली आणि खोल असतात, फोटोत छान दिसतात. ओळखीच्या एका घरी असाच सोफा आला. आजींचे गुडघे दुखतात. त्यात बसल्या की त्यांना उठताच येईना, दोन वेळा सुनेला हात द्यावा लागला. तिसऱ्या वेळी आजी बसल्याच नाहीत. आता त्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि पाहुणे आले की खुर्ची घेऊन आतल्या खोलीत जातात. कोणी त्यांना जा म्हटलं नाही, पण सोफा त्यांच्यासाठी घेतला नव्हता एवढं त्यांना समजलं. सीटची उंची सतरा-अठरा इंच असावी, खोली वीस-बावीस इंचांपेक्षा जास्त नको, आणि हात टेकवून उठता येईल असे घट्ट हात हवेत. सोफा बघायला जाताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या आणि दहा मिनिटं बसवा. त्यांना आपलं आपण उठता आलं तर तो सोफा घरासाठी बरा.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट, पूर. उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या लोकांना सांगायला नको. २६ जुलै २००५ नंतर कल्याण, उल्हासनगर, बदलापूरच्या रस्त्यांवर भिजलेल्या गाद्या-सोफ्यांचे ढीग होते. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तेव्हाही याच पट्ट्यात घराघरात पाणी होतं. तळमजल्यावर राहत असाल तर पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफचा सांगाडा घेऊ नका, पाण्याने तो बिस्किटासारखा फुगतो. उंच पायांचा, सुट्या गाद्यांचा लाकडी सोफा घ्या. पाणी यायला लागलं की गाद्या माळ्यावर टाकता येतात, लाकूड वाळवता येतं.

आता पैशांबद्दल. 'नो कॉस्ट ईएमआय' हा शब्द दिसला की सावध व्हा. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. व्याज कुठेतरी असतंच, किमतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये किंवा न मिळालेल्या डिस्काउंटमध्ये. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारा: रोख दिले तर किती? दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुमचं व्याज.

दुसरा सापळा बिलाचा. सोफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. २०१७ मध्ये सुरुवातीला २८ होता, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात १८ झाला. दुकानदार म्हणतो, "बिल नहीं लोगे तो इतना छोड़ दूंगा." पन्नास हजारांवर नऊ हजार वाचतात म्हटल्यावर कोणालाही मोह होतो, मी कोणाला नावं ठेवत नाही. पण कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या सोफ्याची वॉरंटी त्या चिठ्ठीइतकीच. कर बुडतो तो वेगळाच, आणि त्याच करातून होणाऱ्या रस्त्यांच्या नावाने आपण रोज पोस्टी टाकतो.

पक्कं बिल घ्या आणि त्यावर 'सोफा १ नग' एवढंच नको. लाकडाचा प्रकार, फोमची डेन्सिटी आणि ब्रँड, कापडाचा कोड, वॉरंटी कशाकशाची आणि किती महिने, हे सगळं लिहून घ्या. दुकानदार बिलावर लिहायला तयार नसेल तर त्याच्या तोंडी शब्दाला काय अर्थ आहे ते तुम्हाला तिथेच समजेल. माझ्या अनुभवात ही एक ओळ लिहायला सांगितली की चाळीसचा फोम लगेच बत्तीसवर येतो.

कायदा आपल्या बाजूने आहे, फक्त आपण वापरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू झाला २० जुलै २०२० पासून. त्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, हीसुद्धा. म्हणजे ती जी पाटी असते ना, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही', सदोष मालाच्या बाबतीत तिची किंमत शून्य. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे शोरूम मुंबईचं असलं तरी ठाण्याच्या जिल्हा आयोगात. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लागतोच असंही नाही. त्याआधी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे फोन करा.

त्या ६२ हजारांच्या सोफ्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पक्कं बिल नव्हतं. पण पैसे यूपीआयने दिले होते, आणि व्हॉट्सॲपवर सेल्समनचा मेसेज होता, '40 डेन्सिटी फोम, 5 साल वारंटी'. उघडलेल्या गादीचे फोटो, काट्यावरचं वजन आणि तो मेसेज असं सगळं जोडून लेखी पत्र पाठवलं आणि हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आठवड्यात शोरूममधून फोन आला. सगळ्या सीटचा फोम त्यांनी बदलून दिला, एक पैसा न घेता. पूर्ण न्याय म्हणता येणार नाही. जाण्यायेण्यात गेलेल्या सुट्ट्या कोण भरून देणार? पण वहिनी आता गल्लीत कोणालाही सोफा घ्यायला जाताना काटा हातात देतात.

आणखी एक सांगतो. नवीन घ्यायच्या आधी जुन्याकडे नीट बघा. आपल्या आईवडिलांच्या काळातले सागवानी सोफे अजून बऱ्याच घरांत आहेत. 'आउटडेटेड' म्हणून ते भंगारवाल्याला फुकटाच्या भावात जातात आणि त्यांच्या जागी खोक्याच्या लाकडाचा सोफा येतो. सांगाडा शाबूत असेल तर नवा चांगला फोम, नवे पट्टे, नवं कापड घालून घ्या. आमच्याकडे थ्री प्लस वन प्लस वन असा जुना सेट तसाच करून घेतला, १९ हजार लागले. त्या लाकडाचा नवीन सेट त्याच्या कितीतरी पट गेला असता. काम करणारा कारागीर गल्लीतच असतो, दोन दिवस तुमच्या गच्चीवर बसून काम करतो, आणि आत काय घालतोय ते तुम्हाला समोर दिसतं.

याची दुसरी बाजू कचऱ्याची आहे. टाकलेला सोफा जातो कुठे? नालेसफाईच्या वेळी नाल्यातून गाद्या आणि फोम निघतात ते कोणी टाकलेले असतात? कल्याणच्या आधारवाडीचा डोंगर आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं नाकाला रुमाल लावून पाहिलाय. दर तीन-चार वर्षांनी फेकायची वस्तू विकत घेणं हा नुसता आपल्या खिशाचा प्रश्न राहत नाही.

म्हणून शेवटी काही मागण्या, आणि त्या मी मनापासून मांडतोय.

एक, सोफ्यावर लेबल सक्तीचं करा. सांगाडा, फोमची डेन्सिटी, कापड, बनवणाऱ्याचं नाव, महिना आणि वर्ष. अशक्य काही नाही. ब्रिटनमध्ये १९८८ पासून सोफ्यांना आगीच्या सुरक्षिततेचं लेबल लावावं लागतं. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत गादी-सोफ्याच्या आत काय भरलंय ते लिहिणारी चिठ्ठी शिवलेली असते. डिसेंबर २०२० मध्ये तुर्भ्याला आयकिया उघडलं, त्यांच्या वेबसाइटवर सोफ्याच्या माहितीत फोम किती किलोचा ते लिहिलेलं असतं. मी कोणाची जाहिरात करत नाहीये. एक कंपनी लिहू शकते तर बाकीच्यांना काय हरकत आहे, एवढाच मुद्दा. आणि याचा फायदा उल्हासनगरच्या प्रामाणिक कारागिरालाच जास्त होईल. आज तो खरा माल घालतो, पण शेजारचा चुरा भरणारा त्याच्याहून सात हजार कमी सांगतो, आणि गिऱ्हाईक तिकडे जातं.

दोन, ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी जुनं फर्निचर उचलायचे ठरावीक दिवस जाहीर करावेत, वॉर्डप्रमाणे. पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी फिरू द्या. लोकांना सोय दिली तर निम्मे लोक तरी नाल्यात टाकणार नाहीत.

तीन, हे सरकारचं नाही, आपलं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून एकत्र खरेदीचा प्रयोग चालवते, घरोघरचा महिन्याचा किराणा एकत्र घेऊन वाटायचा. तेच सोफ्याला का नको? नवीन कॉम्प्लेक्समध्ये एकाच वेळी पन्नास घरांना पझेशन मिळतं. त्यातल्या दहा घरांनी एकत्र येऊन एका कारखान्याला ऑर्डर द्या. अट एकच घाला: कापड चढवायच्या आधी आम्ही सांगाडा आणि फोम बघायला येणार. दहा सोफ्यांच्या ऑर्डरला नाही म्हणणारा कारखानदार मला अजून भेटायचाय.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करा. टेप, काटा, मोबाईलची बॅटरी आणि घरातलं एक म्हातारं माणूस बरोबर घेऊन दुकानात जा. खाली वाकून सोफ्याखाली बघताना सेल्समन हसेल, हसू दे. पैसे आपले आहेत.

कोणाला चांगला, खरं सांगणारा कारागीर माहीत असेल तर त्याचं नाव आपल्या ओळखीच्यांना जरूर सांगा. वाईट दुकानाची चर्चा आपण खूप करतो. चांगल्या माणसाला चार कामं मिळाली तर तो टिकेल.